बागेचा टिलर आणि मातीचा कौल

दिल्लीजवळच्या ज्या नगराला 2016 साली गुरुग्राम हे अधिकृत नाव मिळाले, तेथे घराभोवती चार वाफे करण्याइतकी जागा लाभणे हे भाग्याचेच लक्षण होय. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेला एखादा मराठी गृहस्थ अशा जागेत मेथी-कोथिंबीर पेरावयास निघतो. पहिल्याच घावाला कुदळ विटांच्या तुकड्यांवर आदळते आणि बाजारातून टिलर आणावा, असे त्याच्या मनात येते. विचार चुकीचा नव्हे; परंतु कोणता टिलर, हे दुकानदाराआधी मातीला विचारावयास हवे.

फिरत्या पात्यांच्या या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन तरुणाने 1912 मध्ये वडिलांच्या शेतावर त्याचे प्रयोग आरंभिले. त्याच्या पहिल्या चकत्या माती बाजूला उधळून देत. पुढे त्याने काटकोनात वळवलेली पाती बसविली, तेव्हा कुठे यंत्र साधले. मातीशी जमले ते पात्यांच्या आकारामुळे.

गुरुग्रामची जमीन बहुतांशी रेताड पोयट्याची आहे. एकदा मोकळी झालेली अशी माती हलक्या, पुढे पाती असलेल्या टिलरला सहज वश होते. चार वाफ्यांना विजेवर चालणारा लहान टिलरही पुरतो. बांधकामाने दडपलेल्या कोऱ्या जमिनीवर मात्र हलके यंत्र नुसते उड्या मारते. तेथे मागे पाती असलेले, चाकांना इंजिनाची गती देणारे जड यंत्र लागते. परंतु ते काम बहुधा एकदाच करावयाचे असल्याने यंत्र भाड्याने आणणे शहाणपणाचे. विटा-दगड मात्र आधी हातानेच वेचले पाहिजेत. खरेदी करताना मूठ सोडताच पाती थांबतात काय, त्यांवर आच्छादन आहे काय आणि सुटे भाग जवळपास मिळतात काय, एवढे अवश्य पाहावे.

यंत्र निवडले तरी ते केव्हा चालवावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मराठी शेतकऱ्याने एका शब्दात देऊन ठेवले आहे : वाफसा. मूठभर माती आवळावी. गोळा टिचकीसरशी फुटला तर यंत्र सुरू करावे, लोण्यासारखा दबला तर ते उभेच ठेवावे. ओल्या मातीत फिरलेली पाती खाली कठीण थर निर्माण करतात. कोरड्या मातीत ती वारंवार फिरली, तर मातीची धूळ होते.

चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. नांगराच्याही कितीतरी आधीपासून हा मुका जीव जमीन उकरीत आला आहे, हे त्याने जगाच्या नजरेस आणून दिले. टिलर घेणाऱ्याने या जुन्या मजुराची आठवण ठेवावी. पहिली उकरणी यंत्राने करावी. पुढे शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन घालून काम त्याच्यावर सोपवावे. वर्षागणिक ज्या बागेत टिलरची गरज कमी होत जाते, तेथे त्याची निवड योग्य झाली असे समजावे.