हत्यारावरचा आंकडा



'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आपण सर्वांनीं केव्हां ना केव्हां दुसऱ्याला ऐकविलेली असते. काम बिघडलें कीं दोष कारागिराचा, आणि त्यानें हत्याराकडे बोट दाखविलें तर ती सबब, असा आपला ठाम समज असतो. परंतु अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें. पान्यावर आंकडा तेराचा आणि जबडा मात्र चौदाचा, अशीं हत्यारें कारखान्यांतून कधीं कधीं बाहेर पडतात, आणि त्यांचा दंड भरतो तो कारागीर. आज त्या आंकड्याविषयींच चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळांतील हें बांधकाम. अशा कामावर सर्व पाथरवट एकाच ठिकाणीं राबत. त्यांचा गज दुसऱ्या गांवच्या गजाहून बोटभर कमी-अधिक असला तरी बिघडत नसे, कारण दगड तेथेंच घडे आणि तेथेंच बसे.

ही स्थिति यंत्रांनीं पालटली. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची लोहवाट १८९७ सालीं बार्शीस आली आणि पुढें या जिल्ह्याचा मुलूख ओलांडून १९११ सालीं लातुरास पोंचली. २००८ पर्यंत त्या मार्गाचें रुंदीकरण होऊन ती चिमुकली गाडी इतिहासजमा झाली. तिच्यासाठीं इंजिनें आलीं तीं इंग्लंडांतील लीड्स येथील किटसन कारखान्यांतून. तेथें घडलेल्या नटावर येथला पाना बसला पाहिजे! एकमेकांना कधींही न पाहिलेल्या दोन माणसांचें काम जुळविणारा दुवा एकच, तो म्हणजे हत्यारावर कोरलेला आंकडा.

मात्र त्या आंकड्याचा अर्थ सर्वत्र सारखा नाहीं. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें जें प्रमाण सुचविलें, त्या पद्धतींत पान्यावर जबड्याची रुंदी लिहीत नसत, बोल्टाचा व्यास लिहीत. म्हणून अर्ध्या इंचाचा जुना व्हिटवर्थ पाना मोजला तर त्याचा जबडा ०.९२ इंच, म्हणजे सुमारें २३.४ मिलिमीटर भरतो. उलट दशमान पान्यावर जबड्याचीच रुंदी असते. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला तेराचा पाना लागतो तो यामुळेंच. आपला गवंडी अजूनही सुतांत बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. तेव्हां चार सुती सळई १२.७ मिलिमीटरची व्हावयास हवी, परंतु बाजारांत १२ मिलिमीटरची सळईही त्याच नांवानें खपते. तेव्हां कारखान्याला बोल लावण्यापूर्वीं आंकडा कोणत्या भाषेंतला, हें पाहणें अवश्य आहे.

हा झाला समजुतीचा घोळ; आतां खरी चूक. तापलेल्या पोलादावर ठशाचे घाव घालून पाना घडवितात, त्याचा जबडा यंत्रावर नेमक्या मापाला कापतात, पाणी देऊन तो कठीण करतात आणि वर मुलामा चढवितात. आंकडा ठशांतच असतो, किंवा मागाहून ठोकला जातो. तेराच्या ठशांतून निघालेला पाना चुकून चौदाच्या कापणीकडे गेला, किंवा दुतोंडी पान्याच्या दोन टोकांवरचे आंकडे उलटसुलट ठोकले गेले, कीं पोलाद उत्तम, घडण उत्तम आणि नांव तेवढें खोटें, असें हत्यार तयार होतें.

एका मिलिमीटरानें असें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. षट्कोनी नटाच्या सपाट बाजूंवर जबडा नेमका बसला तरच जोर नीट लागतो. तो सैल असला तर सारा भार कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजून नट गोल होतो, आणि पाना निसटला कीं बोटांचीं पेरें लोखंडावर आदळतात. ज्या जिल्ह्यांत पाऊस बेभरवशाचा आणि शेतकऱ्याची मदार विहिरीवरील पंपावर, तेथें एक गोल झालेला नट उभ्या पिकाचें एक पाणी चुकवूं शकतो.

सुदैवानें खोटें माप ओळखावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. गुण्या सरळ कडेच्या फळीला लावून एक रेघ ओढावी. मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर त्याची चूक दुप्पट होऊन डोळ्यांसमोर येते. पाणसळीचीं टोकें अदलाबदल केलीं तरी बुडबुडा त्याच जागीं थांबला पाहिजे. मोजफितीच्या टोकाचा हूक डुगडुगतो म्हणून तो खिळवून टाकूं नये. बाहेरून अडकविला किंवा आंतून टेकविला तरी हुकाच्या जाडीचा फरक पडूं नये, यासाठीं तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. पान्यासाठीं तर माहितीच्या मापाचा एक कोरा नट पुरे; दुकानांतच बसवून पाहावा.

व्यापारांतील वजन-माप २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणें तपासून मुद्रांकित करून घ्यावें लागतें. पाना हें त्या अर्थीं माप नव्हे. त्यावरील आंकडा हा कारखानदाराचा शब्द होय. तो खोटा ठरल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. परंतु बहुधा कोणी इतकें करीत नाहीं. पाना पेटीच्या तळाशीं जातो आणि पुढें एखाद्या शिकाऊ पोराच्या हातीं येतो.

म्हणून हत्यार परत करतां येत नसेल, तर निदान खोटा आंकडा कानशीनें घासून टाकून खरा कोरावा. चांगलें पोलाद वायां जाणार नाहीं आणि पुढचा हात फसणार नाहीं. आणि तो पोरगा "पाना बसत नाहीं" म्हणाला, तर त्याला म्हण ऐकविण्यापूर्वीं पाना मोजावा. एवढा न्याय त्याच्या कष्टांना आपण खचित देऊं शकतों.