भुजची धावपट्टी



केसपेपर लिहिताना मी व्यवसाय विचारतो, तेव्हा साठीपुढच्या बहुतेक बायका सांगतात, "काही नाही, घरीच असते." युद्धकाळातील विमानदल आणि स्त्रिया या विषयाची सुरुवात मला या उत्तरापासून करावीशी वाटते.

१९७१च्या डिसेंबरात सुरतेत आमच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. घरात सूर्यास्तापूर्वीच जेवण व्हायचे, म्हणून ब्लॅकआउटचा त्रास आईला फारसा झाला नाही. त्याच दिवसांत, ८ डिसेंबरच्या रात्री, पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी बॉम्ब टाकून उखडली. धावपट्टीच नसेल तर वैमानिक कितीही शूर असो, विमान जमिनीवरच राहते. तळप्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. दुरुस्तीला हात कमी पडत होते. तेव्हा मुख्यतः शेजारच्या माधापर गावातून सुमारे ३०० बायका आल्या.

वरून दिसू नये म्हणून त्या हिरव्या साड्या नेसल्या, धावपट्टीवर शेण सारवले. भोंगा वाजला की झुडपांत धावायचे, धोका टळला की पुन्हा कामाला लागायचे. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली. सरकारने बक्षीस दिलेले ५०,००० रुपये त्यांनी गावाच्या सभागृहासाठी दिले.

तेव्हा आपल्या हवाई दलात एकही स्त्री वैमानिक नव्हती. १९९९ साली कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी हेलिकॉप्टर चालवले. २०१६ साली पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, असायलाच हवीत. माधापरच्या बायकांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकू?

मी जैन. युद्धाचे गुणगान माझ्या तोंडी सहज येत नाही. या बायकांनी शस्त्र उचलले नाही, खड्डे बुजवले, असे म्हणून मनाची समजूत घालावीशी वाटते. पण त्या पट्टीवरून उडणारी विमाने लढायलाच जाणार होती. हा पेच मला सुटलेला नाही. त्यांच्या धैर्याविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही.

वाचकहो, आपल्या घरात त्या काळातली कोणी आजी असेल, तर त्या डिसेंबरात तिने काय केले ते विचारा आणि नावानिशी लिहून ठेवा. "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा विचारा. दवाखान्यात मी आता तेच करतो.