पावसाळी ताप आणि मूत्रपिंडांचे आरोग्य

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणात चिखलणी व भातलावणीची लगबग सुरू होते. शेतकरी स्त्रीपुरुषांना दिवसचे दिवस अनवाणी पायांनी चिखलात उभे राहावे लागते. शहरांतील सखल वस्त्यांत साचलेल्या पाण्यातून वाट काढावी लागते. या दोन्ही ठिकाणी लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा संभव असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत आलेली या रोगाची साथ अनेकांच्या स्मरणात असेल.

लेप्टोस्पायरा हे मळसूत्री आकाराचे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडांत वस्ती करतात. मूत्रावाटे ते पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायाची भेग, जखम किंवा डोळे, नाक, तोंड यांवाटे माणसाच्या शरीरात शिरतात. साधारणतः पाच ते चौदा दिवसांनी थंडीताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांतील वेदना, डोळ्यांची लाली ही लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते व मूत्रपिंडे एकाएकी निकामी होतात. अ‍ॅडॉल्फ वाइल या जर्मन वैद्याने १८८६ मध्ये केलेल्या या रोगाच्या वर्णनातही कावीळ व मूत्रपिंडदाह यांचा उल्लेख आहे.

लघवी कमी होणे ही धोक्याची खूण होय. परंतु अनेक रुग्णांत लघवी पुरेशी होत असतानाच मूत्रपिंडांचे कार्य बिघडत असते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी अगत्याची ठरते. रुग्ण अलीकडे चिखलात अथवा पुराच्या पाण्यात वावरला होता काय, हे आप्तांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या एका माहितीने निदानाची दिशा बदलू शकते.

पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे वेळीच मिळाल्यास रोग आटोक्यात येतो. मूत्रपिंडे बंद पडली तरी काही दिवस डायलिसिसचा आधार दिल्यास ती बहुधा पूर्ववत काम करू लागतात. याउलट, अंगदुखीवर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अधिक अपाय करू शकतात.

जखम झाकावी, शक्य तेथे गमबूट वापरावेत, काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत आणि घराभोवती कचरा साचू देऊ नये. कचरा तेथे उंदीर आलेच. ताप आल्यास मात्र लावणी उरकण्याची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लावणी दोन दिवस लांबली तरी चालेल. उपचार लांबता कामा नयेत.