पेन्शन हक्काची, पण अटीची



१७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी आवर्जून साजरा करतात. १९८२ साली याच दिवशी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पेन्शन ही सरकारने दिलेली बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेचे मोल आहे. लेखा शाखेत पेन्शनचे कागद तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली. या निकालाने किती घरांना आधार दिला, ते मी पाहिले आहे.

त्याच वर्षी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमही आले. त्यातला २६ वा नियम मात्र फारसा कुणी वाचत नाही. पुढील काळातली चांगली वर्तणूक ही प्रत्येक पेन्शनची गर्भित अट आहे, असे तो म्हणतो. पेन्शनर गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर शासन लेखी आदेशाने त्याची पेन्शन पूर्ण किंवा काही अंशी, कायमची किंवा ठरावीक मुदतीसाठी काढून घेऊ शकते. नोकरीत असताना केलेल्या गैरवर्तनासाठी २७ वा नियम आहे. त्याखाली शासनाचे नुकसानही वसूल करता येते.

मग अडते कुठे? माझ्या टेबलावर आलेल्या दोन फायली सांगतो. दोघेही लाच घेताना पकडलेले. पहिल्या गृहस्थांचा निकाल ते नोकरीत असतानाच लागला. ते बडतर्फ झाले आणि पेन्शनही गेली. त्यांच्या पत्नी खिडकीशी येऊन विचारायच्या, "साहेब, काहीच मिळणार नाही का?" अनुकंपा निवृत्तिवेतनासाठी अर्ज करा, एवढेच मी सांगू शकलो.

दुसऱ्यांचा खटला लांबला. ते निवृत्त झाले. उपदान अडले, पण तात्पुरती पेन्शन सुरू झाली. पुढे तेही दोषी ठरले. मात्र प्रस्ताव कुणी पाठवायचा यावर पत्रे फिरत राहिली आणि दर महिन्याला रक्कम जमा होत राहिली. गुन्हा तोच, फरक फक्त निकालाच्या तारखेचा!

अशा वेळी संतापून आपण म्हणतो, "दोषी ठरला की पेन्शन आपोआप बंद करा." मला हे पटत नाही. पेन्शन ही मालमत्ता आहे, कायद्याच्या आधाराशिवाय ती रोखता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात बजावले. शिवाय तिजोरी लुटणारा अधिकारी आणि एखाद्या चुकीत अडकलेला कारकून यांना एकाच मापाने मोजता येत नाही. लाचेच्या पैशातला घास घरानेही खाल्ला असेल, पण म्हातारपणी त्या पत्नीने जगायचे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून किती, किती काळ आणि का, हे आदेशात कारणांसह लिहिलेले हवे.

पण आदेश निघाला तर पाहिजे! अपील दाखल झाले, शिक्षा स्थगित झाली, म्हणून दोषसिद्धी पुसली जात नाही. तेव्हा निकालाची प्रत खात्याकडे जावी आणि सहा महिन्यांत निर्णय व्हावा.

दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनर हयातीचा दाखला देतो. माणूस जिवंत आहे, एवढेच तो सांगतो. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, हे कोषागाराला दुसऱ्या कुणीतरी कळवावे लागते. ते कुणी आणि किती दिवसांत कळवायचे, एवढे तरी शासनाने पक्के करावे.