शस्त्रक्रियेनंतरची वर्षे



अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रिया पुण्यासारख्या शहरात होते. तिच्यानंतरचे आयुष्य मात्र भोर-वेल्ह्याकडील रुग्णाला आपल्या गावात, घरच्या चुलीपाशी काढावयाचे असते. शस्त्रक्रियेने जठर लहान होते. पहिल्या १२ ते १८ महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. उपचार संपला, असा समज होतो तो येथेच. आणि धोकाही येथूनच सुरू होतो.

ब-१२ जीवनसत्त्वाचा यकृतातील साठा काही वर्षे पुरू शकतो. त्यामुळे गोळ्या सोडल्या तरी प्रारंभी काही जाणवत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. उपचारास विलंब झाल्यास ही हानी कायमची ठरू शकते. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचीही उणीव भासते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आजन्म घ्याव्यात व रक्ततपासणी दरवर्षी करावी.

या भागाचे मुख्य अन्न भात. लहान जठर भातानेच भरले, तर प्रथिनांना जागा उरत नाही. यास्तव आधी डाळ, उसळ, अंडे वा मासळी. मग थोडा भात किंवा नाचणीची भाकरी.

पंगतीतील "आणखी एक घास" हा आग्रह प्रेमाचा खरा. परंतु अशा माणसाला तो उलटीचे कारण होतो. काही वर्षांनी वजन थोडे वाढले, तरी त्यास हिणवू नये. तो दीर्घकालीन आजाराचा भाग आहे, आळसाचा नव्हे. शिक्षक, पंचायत सदस्य व आशा स्वयंसेविका यांनी त्याला वार्षिक तपासणीची आठवण करून द्यावी. गावाची एवढी साथ मिळाली, तरच शस्त्रक्रियेचे सार्थक होईल.