विवाहमंडप आणि अहिंसेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



विवाह हा मंगल संस्कार आहे. त्याचे मांगल्य वधूवरांच्या संकल्पात आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात असते. मंडपाच्या उंचीत नव्हे. पाणी गाळून पिणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारा आपला समाज लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयामागे केवढा ढीग सोडून जातो, हे एकदा थांबून पाहिले पाहिजे. त्यात कोमेजलेली फुले असतात, तारा असतात, चमकी असते आणि फुले खोचण्याचा हिरवा स्पंजही असतो. हा स्पंज फिनॉल व फॉर्माल्डिहाइडपासून बनविलेले प्लॅस्टिकच होय. तो कुजत नाही. त्याचा चुरा होऊन माती-पाण्यात मिसळतो.

येथे कोणी विचारील, ‘फूल हा एकेंद्रिय जीव. मग कृत्रिम फुले लावल्यास हिंसा टळणार नाही का?’ प्रश्न प्रामाणिक आहे. ते फूल तोडावे लागत नाही, हे खरेच. परंतु त्याचा शेवटही पाहावा. जुने झाल्यावर ते उकिरड्यावर जाते. तेथे मोकाट गाय उष्ट्या अन्नाबरोबर प्लॅस्टिक गिळते; जाळावे तर विषारी धूर होतो. एकेंद्रियाला वाचविताना आपण पंचेंद्रिय जीवाला संकटात लोटतो. शिवाय झेंडू-शेवंती पिकविणाऱ्या शेतकऱ्याची भाकरीही हिरावतो. म्हणून खरा मार्ग फूल बदलण्याचा नसून फुले कमी करण्याचा आहे. अपरिग्रह म्हणतात तो हाच.

वधूवरांच्या माळा आणि प्रवेशद्वाराचे तोरण एवढ्यापुरती फुले घ्यावीत. तीही जवळच्या शेतातील व हंगामातील असावीत : हिवाळ्यात शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. थायलंडहून विमानाने येणाऱ्या ऑर्किडचे आपल्या मंडपात काय प्रयोजन? माळा सुती दोऱ्यात ओवाव्यात. तार व चमकी नसली की त्या थेट खतासाठी वापरता येतात. व्यासपीठामागे सुती पडदे लावावेत. रेशमी नकोत, त्याचे कारण या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. बाजूला रोपवाटिकेतून भाड्याने आणलेल्या कुंड्या, भूमीवर रांगोळी आणि दाराशी घड उतरविलेल्या केळीचे खुंट ठेवावेत. घड उतरल्यावर शेतकरी ते झाड एरवीही तोडतोच.

शोभेचे थर्माकोल आणि प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने पाळलेला नियम कितीसा टिकणार? स्टीलची ताटे-वाट्या आणि गाळलेल्या पाण्याचे पिंप ठेवले, तर पाण्याच्या छोट्या बाटल्यांचीही गरज उरत नाही. विवाह दिवसा व्हावा आणि सूर्यास्तापूर्वी पंगती उठाव्यात. मग जनरेटर नको, दिव्यांच्या माळा नकोत आणि त्या प्रकाशावर झेपावून मरणारे असंख्य कीटकही वाचतील. रात्रिभोजनत्यागाची ही शिकवण आपल्याला नवी नाही. अक्षताही चिमूटभरच वाटाव्यात; अन्न पायदळी तुडविले जाऊ नये.

या सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. सुती पडदे, समया, पितळी घंगाळी आणि पाचशे पानांची स्टीलची भांडी असा एक संच ट्रस्टने करावा व तो अल्प देणगीत प्रत्येक कुटुंबास द्यावा. फुलांच्या खतासाठी आवारात एक खड्डा असावा.

बंधू-भगिनींनो, यात प्रश्न केवळ कचऱ्याचा नाही. एका घरच्या लग्नात झालेला थाट पुढच्या घरी अपेक्षा होऊन बसतो आणि साधारण परिस्थितीतील पित्याला त्यासाठी कर्ज काढावे लागते. ‘साधेपणाने केले, म्हणजे परिस्थिती नसेल’ असे लोक म्हणतील, हे भय त्याला असते. हे भय संपन्न कुटुंबेच घालवू शकतात. ज्यांना थाट परवडतो, त्यांनीच प्रथम तो सोडावा. मग ज्यांना परवडत नाही, त्यांना मान खाली घालावी लागणार नाही. हाही अहिंसेचाच एक प्रकार आहे.

जयजिनेंद्र!