बिल्ला मिळाला, सभासदत्व नाही

(महाविद्यालयीन तरुणींबरोबर काम करणाऱ्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मथुरा प्रकरणानंतर, १९८० च्या आसपास उभे राहिलेले आपल्यातले कितीतरी गट आता चाळिशी ओलांडून गेले आहेत. वर्धापनदिन आला की प्रश्न पडतो, कार्यक्रम काय करायचा? सत्कार, स्मरणिका, पाहुण्यांचं भाषण. हे करू नये असं मी म्हणणार नाही. पण वर्धापनदिनाला आपण नेमका कशाचा हिशेब मांडतो, याबद्दल मला आज बोलायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेतलं आहे जरा लांबचं, अमेरिकेतल्या कॉलेजांचं.

तिथे ‘ऑनर सोसायटी’ नावाचा प्रकार आहे. अभ्यासात वरच्या क्रमांकावर असलेल्या विद्यार्थ्यांची ही संघटना. देशपातळीवर एक संस्था आणि कॉलेजा-कॉलेजात तिच्या शाखा. आपण होऊन सभासद होता येत नाही, निवड व्हावी लागते. संस्थेचा स्थापनादिन आला की शाखा कॉलेजच्या आवारात तो साजरा करतात. केक कापतात, बिल्ले लावून फिरतात, जुन्या सभासदांना बोलावतात, एखादं सेवाकार्य हाती घेतात.

यातली सर्वांत जुनी ‘फाय बीटा काप्पा’. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात पाच विद्यार्थ्यांनी ती काढली. पाचही मुलगेच, कारण कॉलेजात मुलीच नव्हत्या. पहिल्या दोन स्त्रिया सभासद झाल्या १८७५ मध्ये, व्हरमाँट विद्यापीठात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मेरी अ‍ॅनेट अँडरसन, सभासद झाली १८९९ मध्ये. आणि कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या फिस्क व हॉवर्ड या विद्यापीठांत शाखा सुरू व्हायला १९५३ साल उजाडावं लागलं. एकाच संस्थेच्या वाढदिवसात असे वेगवेगळे वाढदिवस दडलेले असतात.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. ‘टाउ बीटा पाय’ ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची सोसायटी १८८५ मध्ये सुरू झाली. पुढे मुली इंजिनिअरिंगला येऊ लागल्या, वरचे गुण मिळवू लागल्या. आता काय करायचं? संस्थेने तोडगा काढला. अशा मुलींना ‘विमेन्स बॅज’ द्यायचा. बिल्ला द्यायचा, सभासदत्व द्यायचं नाही! गुण मान्य, पण बरोबरीने बसणं मान्य नाही. स्त्रियांना सभासदत्व मिळालं १९६९ मध्ये.

हसू नका, हे फक्त तिकडचं नाही. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी ही मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत ती पहिली आली. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून ती नाकारली गेली, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. लोकांनी पैसे उभे केले, १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं.

दार बंद असताना बायका काय करतात? आपलं घर बांधतात. अमेरिकेतही तेच झालं. १९१८ च्या फेब्रुवारीत सिराक्यूज इथे बैठक झाली आणि कॉर्नेल, मिशिगन, ओहायो स्टेट व स्वॉर्थमोर इथल्या विद्यार्थिनींच्या गटांनी मिळून ‘मॉर्टर बोर्ड’ ही शेवटच्या वर्षाच्या मुलींची देशपातळीवरची सोसायटी काढली. इलिनॉय विद्यापीठात १९२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ‘फाय ईटा सिग्मा’ निघाली. मुलींना तिथे जागा नव्हती. तेव्हा तिथल्या विद्यार्थिनींच्या डीन मारिया लिओनर्ड यांनी पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, मुलींसाठी ‘अल्फा लॅम्डा डेल्टा’ काढली. २०१८ आणि २०२४ मध्ये या दोन्ही संस्थांनी शंभरी पुरी केली.

मधे एक मोठी घटना घडली. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी झाली. १९७४ च्या दुरुस्तीने विद्यार्थ्यांच्या सामाजिक ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरोरिटी’ यांना सूट दिली, पण ऑनर सोसायट्यांना तो आडोसा मिळाला नाही. ‘ओमिक्रॉन डेल्टा काप्पा’सारख्या पुरुषांच्या सोसायट्यांनी १९७४ मध्ये बायकांना घेतलं. आणि १९७५ मध्ये मॉर्टर बोर्डने पुरुषांना घ्यायचं ठरवलं.

म्हणजे, ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांनी दार उघडलं, आणि ज्या बाहेर ठेवल्या गेल्या होत्या त्यांनाही आपलं दार उघडावं लागलं. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. आपल्या दृष्टीने सारखं आहे का? माझ्या मते नाही. पहिल्या दारामागे सत्ता राखायची होती, दुसऱ्यामागे आधार उभा करायचा होता. दार उघडणं योग्यच होतं, असं मी मानते. पण स्थापना का करावी लागली ही गोष्ट केकबरोबर सांगितली गेली नाही, तर आज आवारात बिल्ला लावून फिरणाऱ्या मुलीला वाटेल की ही जागा तिच्यासाठी पहिल्यापासून होतीच.

आणखी एक. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपण तपासून घेतला पाहिजे. तिथे बहुतेक सोसायट्या प्रवेशशुल्क घेतात. निवड होते गुणांवर, पण ज्या मुलीच्या हातात पैसे नाहीत तिला निमंत्रण मिळूनही विचार करावा लागतो. आपल्याकडे माझ्या कामात मी पाहते, वर्गात पहिली येणारी मुलगी पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून एसटीने कॉलेजला येते. गुणवंतांचा सत्कार संध्याकाळी ठेवला तर शेवटची गाडी चुकेल म्हणून घरचे पाठवत नाहीत. तिचं बक्षीस मैत्रीण घेते. यादीत नाव येतं, फोटोत ती नसते. आणि जिला घरकामामुळे पाच-दहा गुण कमी पडले, तिचं तर यादीतही नाव येत नाही.

म्हणून तुमच्यापुढे काही सूचना ठेवते. वर्धापनदिनाच्या दिवशी आपापल्या गटाच्या जुन्या वह्या काढा. पहिल्या दहा वर्षांत सभासद कोण होत्या, कोणत्या जातीच्या, कोणत्या वस्तीतल्या, हे पाहा. दलित, मुस्लिम, भटक्या समाजातल्या बायका बैठकीला येत होत्या की फक्त मोर्चाला, हे विचारा. निर्णय घेणाऱ्यांत त्या कधी आल्या, ते साल लिहून ठेवा. ते सालही आपल्या वर्धापनदिनाचंच आहे. कॉलेजात काम करणाऱ्या गटांनी सत्कार दुपारी ठेवावा, मुलींच्या आयांना बोलवावं, आणि सभासदत्वाची फी दोन रुपये असली तरी ती नसल्यामुळे कोणी थांबलं नाही ना, हे पाहावं.

आपणही कुणाच्या हातात नुसता बिल्ला देतो आहोत का, याची चर्चा आज गटागटांत बसून करू. एवढं बोलून थांबते.